पाच दिवसांची झड आणि बाळाची दुपटी: धुणं नक्की कशानं वाळतं?

अंजनीकाठ · ११ ऑगस्ट, दुपारी २:४०

नमस्कार मंडळी. एरंडोलहून लिहितेय. घरात अडीच महिन्यांचं बाळ आहे आणि बाहेर पाच दिवसांपासून झड लागलीय. दिवसाला वीस-बावीस लंगोट, सात-आठ दुपटी, माझे गाऊन, सासूबाईंची लुगडी. पडवीत दोन दोऱ्या बांधल्यात, खाटेच्या पाठीवर, खिडकीच्या गजांवर, खुर्च्यांच्या हातांवर, जिथं बोटभर जागा तिथं कपडा. आणि एकही धड वाळलेला नाही. हाताला कोरडा लागतो, गालाला लावला की सर्द.

मे महिन्यात बाळंतपणासाठी जळगावला माहेरी होते. तिथं गच्चीवर दोरीच्या एका टोकापासून कपडे घालत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिले वाळलेले असायचे. आई वरूनच हाक मारायची, "बादली खाली नेऊ नको, काढूनच ने." तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. आता रोज आठवतं.

चार दिवसांपूर्वी मी एक केलं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एक सुती टॉवेल मोजत राहिले. इस्त्री करून कडक केला तेव्हा ३८० ग्रॅम. धुऊन हातानं घट्ट पिळला तेव्हा ७९०. पडवीत घातला सकाळी नऊला. संध्याकाळी सहाला ५९०. दुसऱ्या दिवशी सकाळी ५४०, संध्याकाळी ४५०. तिसऱ्या दिवशी ४२५. आणि मग तिथंच थांबला. आज चौथा दिवस, अजून ४२५. हे ४५ ग्रॅम पाणी जातच नाही. का जात नाही?

बाळाच्या जांघेत लाल पुरळ आलंय, म्हणून जीव लागून राहिलाय. नुसतं "पंख्याखाली टाका" असं नको, नेमकं काय होतं ते समजून घ्यायचंय.

---

केळीबाग_रावेर · ११ ऑगस्ट, दुपारी ३:२५

ताई, आमची माय म्हने, "ऊन नही रे, वारा वाळाडस." मी पासष्टचा झालो, तिचं म्हणणं खोटं पडलेलं पाहिलं नाही. आमच्याकडे गाव आणि केळीची बाग एकमेकांना लागून. बागेच्या कडेला बांधलेल्या दोरीवरचं धुणं आणि गावातल्या धाब्यावरचं धुणं, ऊन दोन्हीकडे सारखंच. पण बागेकडचं नेहमी मागं राहतं. केळीचं पान रात्रंदिवस पाणी सोडत असतं, खाली ठिबक चालू, आणि बाग दाट झाली की वारा आत शिरत नाही. बागेतून बाहेर पडलं की अंगावरचा सदरा पाठीला चिकटलेला असतो. मग तिथं कपडा काय वाळणार?

---

रेल्वेक्वार्टर · ११ ऑगस्ट, दुपारी ४:०२

काकांशी सहमत, पण पूर्ण नाही. भुसावळात मे महिन्यात वारा पडलेला असतो, झाडाचं पान हलत नाही, पारा ४५ च्या पुढे, तरी बेडशीट अर्ध्या तासात कडक. तिथं वारा कुठंय? ऊनच की.

---

नवी_सून_शहादा · ११ ऑगस्ट, दुपारी ४:३०

माझं माहेर रत्नागिरी. लग्न होऊन शहाद्याला आले तो एप्रिल होता. पहिल्याच दिवशी धुणं घालून आत आले आणि माहेरच्या सवयीनं दुपारनंतर काढायला गेले. सासूबाई म्हणाल्या, "ते कधीच वाळलं, रंग उडवशील." एप्रिलचं ऊन आमच्याकडेही लख्ख असतं आणि समुद्राचा वाराही असतो. तरी जाड कपड्याला दुपार उलटावी लागते. म्हणजे ऊनही आहे, वाराही आहे, तरी वेळ लागतो. तिसरं काहीतरी आहेच.

---

पांझरा_धुळे · ११ ऑगस्ट, रात्री ८:१५

तिसरं काय ते शहाद्याच्या ताईंनी बरोबर हेरलं. मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. हा धडा मला फार जवळचा, कारण आपल्या खान्देशात तो डोळ्यांसमोर घडतो.

हवेच्या पोटात वाफेला किती जागा उरली आहे, हे आधी बघायचं. एका घनमीटर हवेत ४४ अंशांना साधारण ६२ ग्रॅम वाफ मावते. मे महिन्याच्या दुपारी आपल्याकडे आर्द्रता १५ टक्के धरली, तर त्यातले नऊच ग्रॅम भरलेले असतात. पन्नासहून जास्त ग्रॅमांची जागा रिकामी. आता या आठवड्यातली हवा घ्या. २७ अंशांना सगळं मिळून मावतात २६ ग्रॅम. आर्द्रता ८८ टक्के, म्हणजे २३ ग्रॅम आधीच भरलेले. जागा उरली तीन ग्रॅमांची. कुठं पन्नास, कुठं तीन!

रत्नागिरीचा एप्रिल या दोहोंच्या मधला. तिथं ऊन कमी नसतं, हवा भरलेली असते.

आता भुसावळच्या भाऊंचं. वारा पडलेला असूनही बेडशीट वाळलं, कारण हवेत एवढी जागा होती की कपड्याला चिकटलेली हवा भरायलाच वेळ लागतो. शिवाय तापलेली गच्ची हवेला वर ढकलत असते, त्यामुळे हवा अगदी थांबलेली नसते. पण ऑगस्टमध्ये कपड्याभोवतीचा हवेचा पातळ थर क्षणात भरतो. तो हलवला नाही तर पाणी जागचं हलत नाही. म्हणून पावसाळ्यात वाऱ्याची किंमत फार. रावेरच्या काकांच्या मातोश्री बरोबर होत्या.

घरातलीच दोन उदाहरणं देतो. मे महिन्यात माठातलं पाणी गार होतं, श्रावणात होत नाही. माठाच्या अंगातून पाणी झिरपून वाफ झाली तरच तो गार होणार. कूलरही तसाच. ४४ अंशांच्या कोरड्या हवेत, सावलीत ओला पंचा टांगला तर तो स्वतः २३-२४ अंशांपर्यंत उतरतो, इतक्या झपाट्यानं पाणी उडत असतं. जूनमध्ये एक दिवस असा येतो की कूलर लावूनही अंग चिकचिकतं आणि आपण म्हणतो, "कूलर काम करेनासा झाला." कूलर तोच असतो. त्याच दिवसापासून धुणंही वाळेनासं होतं.

---

केळीबाग_रावेर · ११ ऑगस्ट, रात्री ८:४०

सर, माठाचं उदाहरण पटलं. मायला सांगायला हवं होतं, पण ती आता नाही.

---

कपाशी_पारोळा · ११ ऑगस्ट, रात्री ९:१०

ताईंच्या ४५ ग्रॅमांचं उत्तर माझ्याकडे आहे, कारण आमचा दरवर्षीचा भावच त्यावर ठरतो.

कापूस विकायला नेला की बोंडात मीटर खुपसून ओल बघतात. हमीभावानं खरेदी होते तेव्हा ८ टक्के ओल धरून पूर्ण भाव, त्यापुढं १२ टक्क्यांपर्यंत भाव कापत जातात, त्याहून जास्त असला की गाडी परत. कापूस बाहेरून अगदी कोरडा दिसत असतो बरं. पण दिवाळीच्या आगेमागे भल्या पहाटे वेचलेला माल आणि दुपारी वेचलेला माल यांत फरक पडतो. पहाटेचं दहिवर बोंडात उतरलेलं असतं.

टॉवेलही कापूसच. कापसाचा धागा हवेतून ओल ओढतो आणि हवेशी जुळेल तेवढीच धरून ठेवतो. कोरड्या हवेत दोन-तीन टक्के, भरलेल्या हवेत त्याच्या कितीतरी पट. तुमचा ३८० चा ४२५ झाला म्हणजे बारा टक्के. तो त्या हवेपुरता "वाळून" झाला. महिनाभर टांगून ठेवला तरी ४२५ च राहील. हवा बदलेल तेव्हाच तो बदलेल, नाहीतर इस्त्री.

सुतासाठी व्यवहारात ८.५ टक्के ओल धरतात आणि पॉलिस्टरसाठी ०.४. म्हणून टेरिकॉटची पँट वाळते आणि बाळाचं दुपटं वाळत नाही.

---

अंजनीकाठ · ११ ऑगस्ट, रात्री १०:०५

दादा, चार दिवस डोकं लावत होते! म्हणजे पडवीत आणखी दोन दिवस ठेवण्यात काही अर्थच नव्हता. उद्यापासून तिसऱ्या दिवसाची वाट बघणार नाही, दुसऱ्या संध्याकाळीच इस्त्री.

सर, एक विचारते. रात्री धुणं आत आणून खोलीत पंखा लावते, दार-खिडक्या बंद करून, डास येतात म्हणून. सकाळी सगळं होतं तसंच, वर भिंतींना ओल. हे का?

---

पांझरा_धुळे · ११ ऑगस्ट, रात्री १०:३०

ताई, खोली दहा बाय दहा बाय दहा फूट धरा. साधारण २८ घनमीटर हवा. प्रत्येक घनमीटरमध्ये तीन ग्रॅमांची जागा, म्हणजे सगळ्या खोलीत मिळून ८५-९० ग्रॅम. चहाचा एक लहान कप. तुमच्या बादलीभर धुण्यात हातानं पिळल्यावरही तीन-चार लिटर पाणी असतं. पहिलं कपभर पाणी उडालं की खोली भरली. मग पंखा तीच भरलेली हवा रात्रभर फिरवत बसतो आणि ती गार भिंतीला पाणी सोडते.

एक खिडकी फटीपुरती उघडी ठेवा, तिला जाळी लावा, आणि समोरच्या बाजूनं हवा बाहेर जाईल अशी वाट ठेवा. स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारा पंखा असेल तर त्याच खोलीत दोरी बांधा. फोडणीच्या वेळी तेवढं कपडे बाजूला घ्या.

आणखी एक. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६७ युनिट विजेएवढी उष्णता लागते. चार लिटरांचं धुणं म्हणजे जवळजवळ पावणेतीन युनिट. मे महिन्यात ही उष्णता आपल्याला गच्चीवर फुकट मिळते. पावसाळ्यात ती कुठून तरी आणावी लागते, म्हणून जेवढं पाणी आधीच पिळून काढाल तेवढं बरं. मशीनच्या ड्रायरमधून फिरवून काढलेल्या सुती कपड्यात त्याच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी राहतं. तुमच्या हातपिळीत टॉवेलच्या वजनाहून जास्त पाणी राहिलं होतं.

---

सातपुड्यातली_सिस्टर · १२ ऑगस्ट, सकाळी ६:५०

मी धडगाव भागात आरोग्यसेविका आहे. बाळाच्या पुरळासाठी आधी लिहिते, बाकी नंतर.

ताई, सर्द लंगोट बांधू नका, तेवढ्यापुरतं बाळाला उघडं ठेवा, खाली दुपटं घाला. लंगोट धुतल्यावर साबण पूर्ण निघाला पाहिजे, तीन पाण्यांतून काढा. झडीत घाईघाईनं दोनच पाणी देतात आणि राहिलेल्या साबणानं कातडी जास्त चरचरते. बांधण्याआधी इस्त्री फिरवा, गार होऊ द्या, मग बांधा. पुरळ तीन दिवसांत उतरलं नाही, पाणी धरलं किंवा कडेला पांढरट पापुद्रे दिसले तर डॉक्टरांना दाखवा. पावडर मनानं लावू नका.

मोठ्या माणसांचंही तेच. पावसाळ्यात माझ्याकडे जांघेतला नायटा घेऊन येणारे दुप्पट होतात. विचारलं की कळतं, आतले कपडे ओलेच घालून कामावर गेले. लाजेपोटी आतले कपडे बाया साडीखाली झाकून वाळत घालतात, त्यांना ना वारा लागतो ना उजेड. याचं मला फार वाईट वाटतं. मी प्रत्येक बैठकीत सांगते: झाकायचं असेल तर विरळ ओढणी घाला, आणि कपड्यात नि ओढणीत वीतभर अंतर ठेवा.

आमच्याकडे डोंगरात तर तोरणमाळच्या बाजूला धुकं दिवसदिवस उठत नाही. पाड्यावर चुलीच्या वर आडवा बांबू असतो, त्यावर कपडे. वाळतात, कारण चुलीची धग आहे आणि कौलांतून हवा निघून जाते. वास मात्र धुराचा. आश्रमशाळेतली मुलं त्या वासानं ओळखू येतात, घरून आज आलेलं पोर कुठलं ते. पोरांकडे गणवेश दोन. एक अंगावर, एक बांबूवर. झड पाच दिवसांपुढं गेली की दोन्ही ओले.

---

इस्त्रीवाले_अमळनेर · १२ ऑगस्ट, सकाळी ९:२०

आमचा परटाचा धंदा, आजोबांपासून. चार गोष्टी सांगतो, पुस्तकातल्या नाहीत.

चिमट्यानं कपडा दुहेरी करून घालू नका. दोरीवर मधोमध दुमडून टाकलेली चादर म्हणजे दोन ओल्या भिंती समोरासमोर. आम्ही दोन दोऱ्यांना पीळ देऊन ताणतो आणि त्या पिळात कपड्याचं टोक सरकवतो. चिमटा लागत नाही, वाऱ्यानं सुटत नाही आणि कपडा एकेरी लोंबतो. दोन कपड्यांत हात जाईल एवढी जागा. पावसाळ्यात दोरीवर निम्मेच कपडे घालायचे. निम्मे घातले तर दोन खेपा लवकर होतात, सगळे एकदम घातले तर एक खेपही होत नाही. गिऱ्हाइकाला हे पटत नाही, मला रोज दिसतं.

पाणी खाली उतरतं. तासाभरानं कपडा उलटा करून लावा, वरची बाजू खाली. साडीचा काठ, पँटचा कंबरपट्टा, खिसे, शर्टाची कॉलर हे सगळ्यात शेवटी वाळतं. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून, कंबर उघडी राहील अशी दोन टोकांनी टांगा.

खळ केलेला कपडा झडीत करूच नका. खळ आंबते, मग किती धुवा, वास जात नाही. शंभर वेळा सांगूनही लोक गणपतीच्या आधी कडक धोतर मागतात.

---

रेल्वेक्वार्टर · १२ ऑगस्ट, सकाळी १०:४५

दादा, पिळाच्या दोरीचं आजच करतो.

वासाचं विचारायचंय. पावसाळ्यात टॉवेलला कुबट वास येतो, तो धुतल्यावर जातो आणि तोंड पुसलं की परत येतो. आणि उन्हात वाळलेल्या चादरीला जो वास येतो तो कशाचा? मला तो लहानपणापासून आवडतो. वडील रात्रपाळीहून आले की आई गच्चीवरून काढलेली चादर अंथरायची. तापलेल्या चादरीचा वास म्हणजे माझ्यासाठी वडील घरी आले.

---

पांझरा_धुळे · १२ ऑगस्ट, दुपारी १२:१०

कुबट वास जिवाणूंचा. २०१२ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की अशा वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असतो. तो धुण्यातून वाचतो, कपडा पुन्हा ओला झाला की कामाला लागतो. म्हणून तुमचा टॉवेल तोंड पुसल्यावर वास मारतो. कपडा जितका वेळ ओला, तितकी त्याची चंगळ. टॉवेल आणि लंगोट कडकडीत पाण्यात काढले तर बराच फरक पडतो.

उन्हाच्या वासाचाही अभ्यास झाला आहे. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०२० मध्ये टॉवेल उन्हात, सावलीत आणि घरात वाळवून पाहिले. उन्हातल्या ओल्या टॉवेलवर अल्डिहाइड आणि कीटोन गटातली वासाची रसायनं तयार झाली, घरात वाळवलेल्यावर तशी झाली नाहीत. फुलांत, अत्तरांतही याच जातीची रसायनं असतात. तुमच्या आईनं अंथरलेल्या चादरीचा वास खरोखर उन्हातच तयार झालेला होता.

---

अंजनीकाठ · १२ ऑगस्ट, दुपारी १:३०

सिस्टर, तुमचं लिहिणं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, उठून गेल्या आणि आतले कपडे ओढणीखालून काढून सरळ दोरीवर घातले. तीन पाण्यांचंही आजपासून सुरू. मी खरंच दोनच पाणी देत होते.

---

नवी_सून_शहादा · १२ ऑगस्ट, दुपारी ३:१५

दोरी कुठल्या दिशेनं बांधावी? आम्ही गच्चीवर नवे खांब उभे करतोय, गवंडी उद्या येणार. लवकर सांगा.

---

रेल्वेक्वार्टर · १२ ऑगस्ट, दुपारी ३:३०

दक्षिणोत्तर. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, तापीच्या खोऱ्याला तिकडूनच तोंड आहे. दक्षिणोत्तर दोरीवरच्या कपड्याला तो समोरून लागतो. साक्री तालुक्यात त्या पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत.

---

पांझरा_धुळे · १२ ऑगस्ट, दुपारी ४:२०

वाऱ्यासाठी दक्षिणोत्तर बरोबर. सूर्याचं मात्र दोन ऋतूंत वेगळं. आपण २१ अक्षांशावर आहोत. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, सावली पायाखाली. तेव्हा टांगलेल्या कपड्याला दुपारचं ऊन फक्त दोरीवर लागतं, अंगाला लागतच नाही. तो वाळतो तो हवेनं. डिसेंबरात हाच सूर्य दुपारीही दक्षिणेला कलून ४५ अंशांवर असतो. त्या वेळी पूर्व-पश्चिम दोरीवरचा कपडा दक्षिणेकडे तोंड करून दिवसभर ऊन खातो.

खरी अडचण पावसाळ्याची आहे, हिवाळ्याची नाही. म्हणून दक्षिणोत्तर बांधा. जागा असेल तर हिवाळ्यासाठी एक तार आडवी.

---

केळीबाग_रावेर · १२ ऑगस्ट, संध्याकाळी ५:००

खांब पक्के रोवा. मे-जूनचं वावधन आलं की उभ्या केळी आडव्या होतात, तुमच्या लोखंडी नळीची काय कथा. आमच्या शेजारची ओली गोधडी दोरीसकट उडून विजेच्या तारेवर गेली होती. तारेच्या जवळपास दोरी बांधूच नका.

आणि कुणी विचारलं नाही तरी सांगतो. केळीचा चीक लागलेला कपडा उन्हात घालू नका. चीक ओला असतानाच धुतला तर थोडा तरी निघतो. उन्हात एकदा का काळा पडला की कपडा फाटेल, डाग जाणार नाही. घड कापणाऱ्या मजुरांचे कपडे वेगळेच ठेवलेले असतात, ते यासाठी.

---

कपाशी_पारोळा · १२ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०

हिवाळ्याचंही लिहून ठेवतो, तीन महिन्यांनी कुणाला लागेल. आपल्याकडे डिसेंबरात दुपार २८-२९ अंश, हवा कोरडी, धुणं झकास वाळतं. पण पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. चुकून रात्री बाहेर राहिलेला कपडा सकाळी भिजलेला मिळतो. सरांचंच गणित लावून पाहिलं. दुपारच्या त्या हवेत साडेआठ ग्रॅम वाफ असेल तर तिला वीस ग्रॅमांची मोकळीक असते. रात्री १० अंशांना त्याच हवेत जेमतेम साडेनऊ ग्रॅम मावतात. म्हणजे हवा तीच, पण भरत आली. मग दहिवर पडणारच. साडेचारच्या आत धुणं घरात.

आमच्या बाजूला हिवाळ्यात दुसरा ताप कापसाच्या रुईचा. जिनिंग सुरू झालं की वाऱ्याच्या दिशेला असलेल्या घरांच्या ओल्या कपड्यांवर पांढरं कुसकुस बसतं. ओला असताना झटकू नका, आणखी घुसतं. पूर्ण वाळू द्या, मग झटका. बाजरीची मळणी चालली असेल त्या दिवशी मात्र धुणं बाहेर घालूच नका. ती कूस कपड्यात राहिली की अंगाची आग होते, तान्ह्या बाळाच्या कपड्यात तर नकोच.

---

नवी_सून_शहादा · १२ ऑगस्ट, रात्री ८:००

खांब दक्षिणोत्तर ठरले, विजेच्या तारेपासून लांबच्या कडेला.

उन्हाळ्याचं एक विचारते. इथले टॉवेल लाकडासारखे का होतात? माहेरी कधी नाही झाले.

---

इस्त्रीवाले_अमळनेर · १२ ऑगस्ट, रात्री ८:३५

बोअरचं पाणी जड, साबणाला फेस येत नाही, मग बायका साबण जास्त घालतात. पाण्यातला क्षार आणि साबण मिळून चिकट साका होतो, तो कपड्यातच राहतो. शेवटच्या पाण्यात थोडं लिंबू पिळा किंवा व्हिनेगर घाला. आणि कपडा पूर्ण कडक व्हायच्या आधी, जरा ओलसर असताना, दोन्ही हातांनी जोरात झटकून परत घाला.

---

पांझरा_धुळे · १२ ऑगस्ट, रात्री ९:००

जोडीला जपानमधलाच २०२० चा एक अभ्यास सांगतो. सुती धाग्यांना अगदी थोडं पाणी घट्ट चिकटून राहतं आणि तेच धाग्याला धागा डिंकासारखा जोडतं, म्हणून टॉवेल ताठ होतो. ताठून वाळलेला टॉवेल हातानं चोळला की मऊ पडतो, तो हा जोड सुटतो म्हणून. आपल्याकडे मे महिन्यात कपडा न हलता झटकन वाळतो, त्यामुळे ताठपणा जास्त जाणवतो.

रंगीत कपडे मात्र मे महिन्यात उलटे करून सावलीतच घाला. ४४ अंशांच्या कोरड्या हवेत सावलीतही तासाभरात वाळतात. उन्हाची गरजच नसते, उगाच रंग जातो. आणि लवचीक पट्टा असलेले कपडे तापलेल्या लोखंडी तारेवर तर मुळीच नकोत.

---

रेल्वेक्वार्टर · १२ ऑगस्ट, रात्री ९:२०

उन्हाळ्यात गच्चीवर धुण्याला जागा तरी कुठं मिळते? अर्ध्या गच्चीवर कुरडया, अर्ध्यावर ज्वारीचे बिबडे. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्या दिवशी सगळी आळी एकदम धुणं काढते, आणि वर आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, लगबग. आमच्या मजल्यावर ठरलंय: सकाळी नऊपर्यंत धुणं काढून घ्यायचं, मग बिबडे. ओल्या कपड्यातून साबणाचा एक थेंब बिबड्यावर पडला तर मी-मी म्हणणाऱ्या शेजारणी बोलायच्या थांबतात.

---

सातपुड्यातली_सिस्टर · १३ ऑगस्ट, सकाळी ७:१०

अंजनीकाठ ताई, बाळ कसं आहे?

---

अंजनीकाठ · १४ ऑगस्ट, संध्याकाळी ५:०५

सिस्टर, लाली उतरलीय. अजून थोडी आहे, पण आता बाळ लंगोट बदलताना रडत नाही.

काय काय केलं ते लिहिते. पडवीतली दोरी भिंतीला समांतर होती, ती सोडून पश्चिमेच्या वाऱ्याला आडवी बांधली. पीळ दिलेली. निम्मेच कपडे, एकेरी, हात जाईल एवढ्या अंतरानं. शेजारच्या काकूंच्या मशीनमधून लंगोट फिरवून आणते, त्यांनी आपणहून सांगितलं. रात्री स्वयंपाकघरात दोरी, हवा बाहेर फेकणारा पंखा चालू, मागची खिडकी फटीपुरती उघडी, जाळीसकट. तोच टॉवेल परत मोजला: मशीनमधून फिरवल्यावर ५७०, रात्री नऊला घातला, सकाळी सहाला ४३०. जे व्हायला तीन दिवस लागत होते ते एका रात्रीत झालं. उरलेलं इस्त्रीनं. भिंतींनाही ओल नाही.

आज सकाळी अकराला उघडीप पडली. आभाळ पांढुरकं, ऊन असं नाहीच, पण वारा सुटला होता. सगळी दुपटी गच्चीवर नेली. सासूबाई खाली बाळाला घेऊन बसल्या होत्या, मी वरच थांबले, दर अर्ध्या तासानं एकेक दुपटं उलटं करत. साडेचारला काढली. एक गालाला लावून पाहिलं.

नवरात्राआधी गोधड्या धुवायच्यात, सहा आहेत, दोन तर आजेसासूबाईंनी शिवलेल्या, जुन्या नऊवारीच्या, चार-चार थरांच्या. त्या कधी काढाव्यात?

---

इस्त्रीवाले_अमळनेर · १४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

पितृपाटात, पाऊस सरल्याची खात्री झाल्यावर. एका दिवशी दोनच. पिळू नका, जुनं सूत तुटेल. खाटेवर पसरून पाणी निथळू द्या, मग दोन दोऱ्यांवर मिळून आडवी घाला, म्हणजे मधून वारा खेळेल. बाराला पालथी करा. वरचा थर वाळला म्हणून काढू नका, दोन बोटांत धरून मधला थर दाबून बघा.

---

अंजनीकाठ · १४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:५०

बरं दादा. दोन-दोनच काढते.